एवढे कशाचे? हातची वस्तू विकत घेताना

आषाढ सुरू झाला की घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत रस्त्याकडेला ताडपत्रीचे मंडप उभे राहतात आणि गणपतीच्या मूर्तींचं बुकिंग सुरू होतं. एकाच उंचीच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, एक पीओपीची आणि एक शाडूची. शाडूची बरीच महाग असते, कधी कधी दुपटीच्या घरात जाते. गिऱ्हाईक विचारतं, "माती तर माती, तिचे एवढे कशाचे?" प्रश्न रास्त आहे आणि तो विचारायला लाजू नये. पण मूर्तिकाराला त्या गर्दीत समजावत बसायला उसंत नसते, गिऱ्हाईकही घाईत असतं, त्यामुळे उत्तर राहूनच जातं. ते उत्तर नीट कळलं तर मूर्तीच काय, चप्पल, साडी, गोधडी, कंदील, काहीही घेताना आपला उपयोग होतो. कुठे मागतील तेवढे मोजावे, कुठे घासाघीस करावी आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे ठरवता येतं.

मूर्तीपासूनच सुरुवात करू. शाडू कोरडी, पोत्यांतून येते, बरीचशी गुजरातमधून. ती भिजवायची, चाळायची, खडे काढायचे, मळायची. मग साच्यात अंगठ्यानं दाबत दाबत सगळीकडे सारख्या जाडीचा थर द्यायचा. एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी पातळ झाला तर वाळताना नेमका तिथेच तडा जातो. साच्यातून काढल्यावर हात जोडायचे, सांधे ओल्या मातीनं लिंपायचे आणि मूर्ती सावलीत वाळत ठेवायची. मुंबईच्या पावसात सावलीत काही वाळायला किती दिवस लागतात ते आपल्या दोरीवरच्या कपड्यांवरून सगळ्यांना ठाऊक आहे. पंखे आणि बल्ब लावूनही ओल आत राहते. तडे बुजवायचे, पुन्हा वाळवायची, पॉलिश पेपरनं घासायची, पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा, मग रंग आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा हात कारखान्यात एखाद-दुसऱ्याचाच असतो आणि त्याला घाई करून चालत नाही.

पीओपी पाण्यात कालवून साच्यात ओतलं की अर्ध्या तासाच्या आत घट्ट होतं. साचा लगेच पुढच्या मूर्तीला मोकळा. मूर्ती आतून पोकळ आणि हलकी, टेम्पोत रचून पेणहून अंधेरीला आणली तरी सहसा तुटत नाही. शाडूची जड आणि ठिसूळ. वाटेत एखादी दुखावतेच, आणि त्या एकीचे पैसे उरलेल्यांच्या किमतीत बसतात. हा हिशोब कुठल्याही हातच्या धंद्यात असतो. भट्टीत फुटलेली पणती, मागावर बिघडलेलं सूत, कापताना वाया गेलेलं चामडं, हे सगळं विकल्या गेलेल्या मालातूनच भरून काढावं लागतं.

मुंबई महापालिकेनं गेल्या काही वर्षांत मूर्तिकारांना शाडूची माती मोफत दिली. मंडपासाठी जागाही दिली. तरीसुद्धा शाडूची मूर्ती पीओपीच्या भावाला आली नाही, हे मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं. माती फुकट मिळूनही मूर्ती महागच राहिली, याचा अर्थ पैसे मातीचे नव्हतेच. ते वाळण्याच्या दिवसांचे होते, तेवढे दिवस अडकून पडलेल्या जागेचे होते आणि हाताच्या तासांचे होते. म्हणून माझी पहिली सूचना हीच: भाव विचारण्याआधी वेळ विचारा. "हे करायला किती दिवस लागतात?" या एका प्रश्नानं समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो, तो खरं सांगायला लागतो, आणि आपल्याला किंमत जोखायला आधार मिळतो.

आता कागद-पेन्सिल घेऊन एक हिशोब मांडू. आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, एका आजींनी सुती साड्यांचे थर लावून हातानं धावदोरा घालत एका माणसाची गोधडी शिवली आणि तिला ६० तास लागले. तासाचे ८० रुपये धरले तर मजुरीच ४८०० रुपये. वरचं कापड, दोरा, धुणं, इस्त्री यांचे हजार. झाले ५८००. यात नफा नाही, दुकानदाराचं कमिशन नाही, प्रदर्शनाच्या टेबलाचं भाडं नाही. आणि तासाला ८० म्हणजे आठ तासांच्या दिवसाचे ६४०. एवढ्या पैशांत मुंबईत कुशल सुतार किंवा प्लंबर दिवसभरासाठी येत नाही. धावदोरा सरळ रेषेत, सारख्या अंतरानं, कोपऱ्यात न ओढता घालणं हेही कौशल्यच आहे, ते वर्षानुवर्षांच्या सरावानं येतं. पण प्रदर्शनात त्या गोधडीवर तीन हजारांची चिठ्ठी दिसली तरी आपण "बापरे" म्हणतो. खरं तर तिथे विचारायला हवं की आजींनी आपला तास कितीला लावला. बहुतेक वेळा त्यांनी तो लावलेलाच नसतो.

मशीनवरची रजाई स्वस्त का, याचंही उत्तर द्यायला हवं, कारण मशीनवाला काही लबाडी करत नसतो. अनेक सुया एकदम चालवणारं मशीन काही मिनिटांत अख्खी रजाई टाचतं. मशीन महाग असतं, पण तो खर्च हजारो नगांवर पसरतो. प्लॅस्टिकच्या चपलेच्या साच्याला समजा पाच लाख लागले आणि त्यातून एक लाख जोड निघाले, तर जोडीमागे साच्याचे फक्त पाच रुपये पडतात. जितका माल जास्त, तितका प्रत्येक नगावरचा बोजा कमी. कापड, दोरा, रंग घाऊक भावानं येतात. गोधडीच्या आजींना ही सोय नाही. त्यांच्या दुसऱ्या गोधडीला पहिलीइतकाच वेळ लागतो आणि शंभराव्या गोधडीलाही जवळपास तेवढाच.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं. त्यात हाच पेच होता. चार वादकांनी मिळून वाजवायची एखादी रचना शंभर वर्षांपूर्वी जेवढ्या वेळात वाजायची तेवढाच वेळ आजही घेते, वादकही चारच लागतात. दरम्यान कारखान्यातल्या कामगाराचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं, त्याबरोबर त्याचा पगारही वाढला. मग वादकांनाही त्या मानानं पैसे द्यावे लागतात, नाहीतर वाजवायला कोणी उरणार नाही. आपल्याकडे विणकराचा, चांभारकाम करणाऱ्याचा, मूर्तिकाराचा मुलगा हाच हिशोब रोज करतो. वडिलांबरोबर मागावर बसून महिन्याला जे मिळतं त्यापेक्षा अंधेरीत पार्सल पोचवून जास्त मिळत असेल, तर तो मागावर का बसेल? मशीनच्या वस्तू वर्षागणिक स्वस्त होत जातात आणि त्यामुळे हातच्या वस्तू शेजारी ठेवल्यावर आणखीच महाग दिसतात. कारागिरानं भाव चढवले असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याचा तास आहे तेवढाच आहे, त्याच्या आजूबाजूचं जग बदललं.

मुंबईत त्यावर जागेचा बोजा येतो. उपनगरात दहा बाय दहाचा गाळा भाड्यानं घेऊन त्यात हातकाम करायचं म्हणजे भाडंच आधी डोळ्यांसमोर नाचतं. म्हणून इथे कारागिरी बहुतेक घरातच चालते, स्वयंपाकघराचा ओटा आवरल्यावर, मुलं शाळेत गेल्यावर. पेण, कोल्हापूर, येवला यांसारख्या गावांत माल होतो आणि मुंबईत विकला जातो, यामागेही जागेचं हेच कारण मोठं आहे. मग त्यात प्रवास, हमाली, स्टॉलचं भाडं, चार दिवस शहरात राहण्या-जेवण्याचा खर्च येतो. वांद्र्याला भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गावागावांतल्या बचत गटांच्या बायका येतात. तिथे मधले व्यापारी नसतात, त्यामुळे तुम्ही दिलेल्या रुपयातला मोठा वाटा करणाऱ्याकडे जातो. दोन ठिकाणी भाव सारखाच असेल तर मी तिथून घ्यायला सांगेन.

आता कोल्हापुरी चपलेकडे येऊ, कारण गेल्या वर्षी-दोन वर्षांत तिच्या किमतीवर जगभर चर्चा झाली. खऱ्या कोल्हापुरीचं चामडं रसायनांत झटपट कमावलेलं नसतं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमावतात. जुनी पद्धत अशी की कातडं पिशवीसारखं शिवून त्यात तो रस भरतात आणि टांगून ठेवतात, म्हणजे रस आतून हळूहळू झिरपत चामड्यात मुरतो. यात आठवडे जातात. मग रापीनं तळ कापणं, थर चिकटवून ठोकणं, आरीनं भोकं पाडून चामड्याच्याच वादीनं शिवणं, बाजूचे कान बसवणं, पट्ट्यावर वेणी घालणं. वेणीचं आणि गोंड्याचं बारीक काम बऱ्याच घरांत बायका करतात. अस्सल जुन्या बांधणीत खिळा नसतो. कापशी, पायताण, बक्कलनाळी, कचकडी, पुकरी अशी नावं गावांवरून आणि घडणीवरून पडलेली आहेत. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. चामड्याचा पुरवठाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली, तेव्हापासून कच्चा माल मिळवणं अवघड झालं आणि म्हशीच्या चामड्यावरची भिस्त वाढली. भाव वाढायला हेही एक कारण झालं.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा या कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी दिसणारी पादत्राणं दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. महाराष्ट्रातून जोरदार आक्षेप आल्यावर कंपनीनं भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर यांच्याबरोबर मिळून इथल्या कारागिरांकडून २००० जोड करून घ्यायचं जाहीर झालं, किंमत जोडीला सुमारे ८०० युरो. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये हाती बनवलेला चांगला जोड याच्या छोट्याशा अंशात मिळतो. यातून ग्राहकानं एक गोष्ट घ्यावी. महाग म्हणजे कारागिराला जास्त मिळालं, असं नसतं. किमतीत दुकानाचं भाडं असतं, जाहिरात असते, नाव असतं. हाताच्या वेळेसाठी जास्त पैसे देणं आणि नावासाठी जास्त पैसे देणं यांत मी फार फरक करतो. पहिले पैसे मनापासून द्यावेत. दुसरे द्यायचे की नाहीत हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण ते कारागिराला पोचले असं समजून देऊ नयेत.

उपनगरांतल्या स्टेशनबाहेर 'कोल्हापुरी' म्हणून जे चारशे रुपयांत मिळतं त्यातलं पुष्कळ रेक्झिनचं, खाली रबराचा तळ चिकटवलेलं असतं. ते वापरायला हरकत नाही, फक्त कोल्हापुरीच्या भावानं घेऊ नका. ओळखायचं कसं? तळाची कड बोटानं चाचपा. चामड्याचे थर एकावर एक दिसतात, कापलेली कड तंतुमय असते. रेक्झिनच्या कडेला कापडाची जाळी किंवा फोम दिसतो. शिलाई वादीची आहे की नायलॉनच्या दोऱ्याची ते बघा. चामड्याचा वास घ्या. दोन्ही पायांच्या चपलांत बारीकसा फरक असेल, वेणी एकीकडे किंचित घट्ट असेल, तर तो दोष समजू नका. पण टाचेला तळ सुटतोय, कान हलतोय, तर ते हातचं आहे म्हणून खपवून घेऊ नका. हातच्या कामाचा ओबडधोबडपणा आणि आळशी काम यांतला फरक धरायला थोडी नजर लागते. ती चार जोड हातात घेऊन पाहिल्यावर येते. संत रोहिदास महामंडळानं आता क्यूआर कोडही आणला आहे. तो मोबाइलनं स्कॅन केला की जोड कोणी, कुठल्या जिल्ह्यात बनवला ते कळतं. कोड असेल तर जरूर तपासा. बिलही मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावरच्या जोडीवर १८ टक्के. दोन जोडांच्या किमतीत एकदम मोठी उडी दिसली तर तिचा काही भाग सरकारचा आहे, कारागिराचा नाही.

कापडाच्या बाबतीत फसगत जास्त होते, म्हणून इथे जरा थांबतो. खादी म्हणजे हाताने कातलेलं सूत हातमागावर विणलेलं कापड. १९५६ च्या खादी-ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यातच तशी व्याख्या आहे. हातमागाच्या कापडात सूत गिरणीचं असू शकतं, विणलेलं मात्र हातानं असतं. यंत्रमागावर दोन्ही यंत्रानं होतं. हाताचे तास ज्या क्रमानं वाढतात त्याच क्रमानं भाव वाढतो: यंत्रमाग, हातमाग, खादी. हे तीनही एकाच रंगात, एकाच पोताचे दिसू शकतात आणि विकणारा तिघांनाही खादी म्हणू शकतो. खादीवर खादी मार्क, हातमागावर हँडलूम मार्क आणि रेशमावर सिल्क मार्क असतो. ही तीन चिन्हं डोळ्यांत बसवून ठेवा. उपनगरातल्या माणसांना तर हे परकं वाटायला नको. खादी आयोगाचं मुख्य कार्यालय विलेपार्ल्याला इर्ला रोडवर आहे. बोरिवलीचं कोरा केंद्र आज नवरात्रातल्या गरब्यासाठी ओळखलं जातं, ते मुळात ग्रामोद्योगाचं केंद्र. २ ऑक्टोबरच्या सुमारास खादी भांडारांत सूट मिळते. खादी महाग वाटत असेल तर तेव्हा घ्या. ती सूट विणकराच्या मजुरीतून कापलेली नसते.

पैठणी घेताना साडी उलटी करा. हाताने विणलेल्या पदरावरचा मोर मागून पुढून सारखाच दिसतो. विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी घेतो, तेवढ्याच जागेत तो रंग फिरवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत वळतो. नक्षीच्या एका आडव्या ओळीत दहा-पंधरा कांड्या हातानं फिरवाव्या लागल्या तर एक इंच विणायला किती वेळ लागेल याचा अंदाज करा. साधा पदर काही आठवड्यांत होतो, भरगच्च पदराला महिने लागतात. यंत्रावरच्या 'सेमी' पैठणीत मागच्या बाजूला धागे लोंबतात किंवा कापलेल्या टोकांची दाटी दिसते, कधी ती झाकायला आतून जाळी लावलेली असते. सेमी पैठणी वाईट नाही. रोजच्या सणावाराला, हळदीकुंकवाला तीच बरी, हात आखडून घ्यायची तर मी तीच घ्यायला सांगेन. पण दुकानात ती 'येवल्याची हातमागाची' म्हणून पंधरा-वीस हजारांना दाखवत असतील तर मागची बाजू बघेपर्यंत पाकीट काढू नका. रेशीम कर्नाटकातून, जर सुरतेहून येते. त्यांचे भाव सोन्या-चांदीसारखे वरखाली होतात, तेही विकणाऱ्याला विचारता येतं.

हातचं म्हणजे महागच, असाही नियम नाही. लिज्जत पापड हातानंच लाटला जातो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केलं आणि आजही बायका पीठ घरी नेऊन लाटून आणतात. तरी पाकीट आपल्या खिशाला जड होत नाही. पापडाला काही क्षण लागतात, पीठ एका जागी मोठ्या प्रमाणावर भिजवलं जातं, डाळ घाऊक येते आणि विक्री प्रचंड आहे. मशीनची जी सोय आहे तिच्यातला घाऊकपणाचा भाग त्यांनी उचलला आणि लाटण्याचं काम हाताकडे ठेवलं. म्हणून 'हँडमेड' एवढा शब्द छापून एखादं साधं मेणबत्तीचं भांडं किंवा साबणाची वडी चौपट भावानं कोणी विकत असेल, तर तिथेही वेळ विचारा. तयार सामान साच्यात ओतून दहा मिनिटांत होणाऱ्या वस्तूला साठ तासांच्या गोधडीचा मान द्यायचं कारण नाही.

घासाघीस करावी का? प्रदर्शनात, जिथे करणारी व्यक्ती स्वतः बसलेली आहे, तिथे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भाजीवाल्याकडे पाच रुपये कमी करून घेणं वेगळं. त्याचा भाव सकाळ-संध्याकाळ बदलतो, उरलेला माल सडणार असतो. गोधडीचा तास सडत नाही, तो आधीच खर्च झालेला आहे, आणि तुम्ही सोडवून घेतलेले पाचशे रुपये थेट त्या तासातून जातात. मात्र भाव कमी करून घेण्याचे सरळ रस्ते आहेत आणि ते वापरावेत. कमी कामाची वस्तू मागा: पदर साधा, काठ लहान, वेणी एकच. हंगामाच्या आधी सांगा. कंदील, राख्या, पणत्या दोन महिने आधी सांगितल्या तर करणाऱ्याला रात्री जागाव्या लागत नाहीत आणि तो आपखुशीनं भाव कमी करतो. सोसायटीतल्या दहा घरांनी मिळून एकदम सांगितल्या तर सामान एकदम येतं, तेही स्वस्त पडतं. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीनं सामुदायिक खरेदीची हीच सवय शहराला लावली आहे. तिचा उपयोग धान्यापुरताच का ठेवायचा? आगाऊ रक्कम द्या. कारागिराला व्याजानं पैसे उचलायला लागत नाहीत, हा त्याचा खराखुरा फायदा असतो आणि त्याच्या बदल्यात थोडी सवलत मागण्यात गैर काही नाही. किंचित डाग पडलेला, रंग थोडा वेगळा लागलेला माल बाजूला ठेवलेला असतो, तोही मागून बघा.

शाडूच्या मूर्तीच्या बाबतीत तर लवकर सांगणं हाच सगळ्यात मोठा फायदा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, मग न्यायालयात वाद झाले. २०२५ च्या गणेशोत्सवात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या होत्या. नियम पुढे काहीही झाले तरी घरच्या बादलीत विसर्जन करायचं असेल तर शाडूची मूर्तीच घ्या, आणि उंची कमी करा. उंची वाढली की वजन, वाळण्याचे दिवस आणि तडे, तिन्ही वाढतात. नऊ इंचांची सुबक मूर्ती घेतली तर खर्च पीओपीच्या मोठ्या मूर्तीइतकाच येतो.

प्रत्येक वस्तू हातची घ्यायची गरज नाही, हेही सांगायला हवं. शाळेचं दप्तर, पावसाळी चप्पल, रोज धुवायची चादर, बाथरूमचा टॉवेल, हे मशीनचंच बरं. गिरणीचं कापड एकसारखं असतं, पाण्याला टिकतं, फाटलं तरी जिवाला लागत नाही. हातच्या वस्तूसाठी पैसे तिथे घालावेत जिथे ती वस्तू वर्षानुवर्षं वापरली जाणार आहे, दुरुस्त होऊ शकणार आहे, किंवा जिथे माप तुमचंच हवं आहे. कोल्हापुरीचा तळ बदलून मिळतो, गोधडीला नवा थर लावता येतो, पैठणीचा काठ पुन्हा बसवता येतो. दहा वर्षांनी भागून बघितलं की पुष्कळदा महाग वस्तूचं वर्षाचं भाडं स्वस्त वस्तूपेक्षा कमी निघतं.

जे वाचक स्वतः घरी काही करून विकतात त्यांच्यासाठी दोन शब्द. तास लिहून ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज किती तास बसलात एवढं जरी लिहिलं तरी महिन्यानं खरा भाव कळतो. स्वतःचा तास धरा, दिवा-पंख्याचं बिल धरा, फुकट गेलेलं सामान धरा. ओळखीच्यांना स्वस्तात देऊन बाहेरच्यांना महाग लावू नका, कारण सोसायटीत भाव लगेच फिरतो. आणि चिठ्ठीवर किमतीच्या वर वेळ लिहा: "हातशिलाई, ६० तास." हे वाचल्यावर गिऱ्हाईक एकदम गप्प बसून वस्तू हातात घेऊन पाहायला लागतं, असं मी बऱ्याच टेबलांवर पाहिलं आहे.

वस्तू घरी आणल्यावर तिची निगा ठेवणं हा किमतीचाच भाग आहे, कारण मुंबईची दमट हवा हातच्या वस्तूंना फार मानवत नाही. कोल्हापुरी जून ते सप्टेंबर घालू नका. भिजलीच तर उन्हात किंवा पंख्याच्या झोतात ठेवू नका, चामडं आक्रसून तडकतं. कागद कोंबून सावलीत वाळवा, मग एरंडेलाचा हलका हात द्या. पावसाळ्यात कपाटात बंद करून ठेवल्या तर बुरशी धरते, त्यामुळे कागदात गुंडाळून वरच्या उघड्या कप्प्यात ठेवा आणि मधूनमधून काढून पुसा. पैठणी मलमलच्या जुन्या कापडात ठेवा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळी घाला, नाहीतर जर घडीवर तुटते. गोधडी कोमट पाण्यात, साध्या साबणानं हातानं धुवा, मशीनमध्ये टाकू नका. ओली गोधडी जड होते. दोरीवर टांगली तर धावदोरा ताणून तुटतो, म्हणून गच्चीवर किंवा खाटेवर आडवी पसरून वाळवा.